उपचाराच्या मध्यावर पेट स्कॅन: आधी प्रश्न, मग प्रवास

अकोट, तेल्हारा, अंजनगाव या पट्ट्यातल्या कर्करुग्णाला डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहून दिला की घरात पहिली चर्चा होते ती अंतराची आणि पैशांची. नागपूर अमरावतीमार्गे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. स्कॅनचा खर्च हजारोंत, सोबतीला एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, आणि कापूसवेचणीचे दिवस असतील तर शेताकडे बघायला कुणी नाही. निदानाच्या वेळचा पहिला स्कॅन लोक कसाबसा करून घेतात. पेच पडतो तो दोन-तीन केमो झाल्यावर पुन्हा स्कॅन सांगितला जातो तेव्हा. ‘आत्ताच तर केला होता, परत कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून’ एवढ्या उत्तरावर कुटुंबाने थांबू नये. उपचार चालू असताना काढलेला पेट स्कॅन गाठ औषधाला दाद देते आहे की नाही हे खरोखरच लवकर सांगू शकतो. पण त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: तुलनेसाठी उपचाराआधीचा स्कॅन हाताशी हवा, आणि येणाऱ्या उत्तरावर पुढचा उपचार बदलणार असायला हवा. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर गाडी सांगण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोलावं.

असं का, हे समजायला हा स्कॅन नेमकं काय पाहतो ते कळायला हवं. सोनोग्राफी किंवा साधा सीटी स्कॅन गाठीचा आकार मोजतो. पेट स्कॅन गाठ साखर किती खाते ते मोजतो. बहुतेक कर्कपेशी शरीरातल्या इतर पेशींपेक्षा खूप जास्त ग्लुकोज ओढून घेतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच हे दाखवलं होतं. तपासणीत रुग्णाच्या शिरेतून एफडीजी नावाचं औषध देतात. ही ग्लुकोजसारखीच साखर असते, फक्त तिला फ्लोरीन-18 हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. पेशी तिला साखर समजून आत घेते, तिच्यावर पहिली रासायनिक प्रक्रियाही करते, पण पुढे ती पचवू शकत नाही, त्यामुळे ती पेशीतच अडकून राहते. मग यंत्र तिच्यातून निघणारे किरण टिपतं आणि जिथे साखर जास्त साठली ती जागा चित्रात उजळून दिसते. चूल विझली तरी घराच्या भिंती उभ्याच राहतात, तसं गाठीचं आहे: औषध लागू पडल्यावर पेशींची भूक आधी मंदावते, आकार मागाहून कमी होतो, आणि कधी कधी मेलेल्या पेशींचा घट्ट वण महिनोन्‌महिने तिथेच राहतो. म्हणून ‘गाठ अजून हाताला लागते’ म्हणजे औषध फसलं असं नाही, आणि ‘थोडी लहान झाली’ म्हणजे औषध जिंकलं असंही नाही.

हा फरक किती लवकर दिसतो? स्तनाच्या कर्करोगावर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड वाल यांच्या एका छोट्या अभ्यासात, 11 स्त्रियांपैकी ज्यांना औषध लागू पडलं त्यांच्या गाठीतला साखरेचा वापर आठव्या दिवशीच उतरू लागला होता. आकारातला फरक मागाहून आला. जठर-आतड्याच्या जिस्ट नावाच्या गाठींवर इमॅटिनिब सुरू केल्यावर तर काही दिवसांत चित्र विझतं, आणि सीटीवर गाठ कित्येक आठवडे होती तेवढीच दिसते. पण सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात. 2007 साली इटली आणि डेन्मार्कमधल्या 260 रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. केमोची दोन चक्रं झाल्यावर ज्यांचा पेट स्कॅन स्वच्छ होता, त्यांच्यापैकी 95 टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही आजार न वाढता होते. ज्यांच्या स्कॅनमध्ये गाठी तेव्हाही उजळत होत्या, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम 13 टक्के होतं. बाकीची कुठलीही लक्षणं किंवा रक्ततपासण्या या दोन गटांना इतकं स्पष्ट वेगळं करू शकल्या नव्हत्या.

या अंदाजाचा रुग्णाला फायदा काय, हे 2016 साली आलेल्या रॅथल या मोठ्या चाचणीने दाखवलं. दोन चक्रांनंतर स्कॅन स्वच्छ आलेल्या 935 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पूर्वीचीच चार औषधं चालू ठेवली, दुसऱ्यातून ब्लिओमायसिन हे फुप्फुसाला इजा करणारं औषध काढून टाकलं. तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण 85.7 आणि 84.4 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच, आणि फुप्फुसाचा त्रास कमी. ज्यांचा स्कॅन उजळला होता त्यांना अधिक तीव्र औषधांवर नेलं. इथे स्कॅनच्या उत्तरावर दोन वेगवेगळे रस्ते आधीच ठरलेले होते, हे लक्षात घ्या. हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णाने दोन चक्रांनंतरचा स्कॅन टाळू नये. बैलजोडी विकावी लागेल इतकी ओढाताण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे जाऊन मदत मागावी, पण हा स्कॅन करावा.

लिम्फोमाच्या अहवालात ‘डोव्हिल स्कोर’ असा शब्द येतो. 2009 साली फ्रान्समधल्या डोव्हिल गावी तज्ज्ञ जमले आणि एकाच चित्राचं वाचन प्रत्येकाने वेगळं करू नये म्हणून त्यांनी 1 ते 5 अशी मोजपट्टी ठरवली. गाठीचा उजेड रुग्णाच्याच यकृताशी आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या उजेडाशी ताडून पाहतात. 1, 2 आणि बहुतेक वेळा 3 हे चांगलं उत्तर; 4 म्हणजे यकृतापेक्षा जास्त उजेड; 5 म्हणजे खूपच जास्त, किंवा नवी जागा उजळलेली. इतर कर्करोगांत ‘एसयूव्ही’ नावाचा आकडा असतो आणि तो आधीच्या स्कॅनच्या तुलनेत किती टक्के उतरला ते पाहतात. पर्सिस्ट या प्रचलित निकषांत निदान 30 टक्के उतार असेल तरच त्याला प्रतिसाद म्हणतात. म्हणजे पहिला स्कॅनच नसेल तर हा हिशेब मांडताच येत नाही. वऱ्हाडातल्या अनेक फायलींमध्ये नेमकी हीच उणीव राहते: उपचार घाईने सुरू होतो, स्कॅनचा विचार तीन चक्रांनंतर होतो, आणि मग एसयूव्ही 6 आलेला चांगला की वाईट हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. एकाच स्कॅनपुरते पैसे जमत असतील, तर डॉक्टरांना हे उघडपणे सांगून विचारावं की तो एक स्कॅन कधी काढला तर सगळ्यात जास्त कामाचा.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप जाणकार डॉक्टरांकडूनच येतो आणि तो वजनदार आहे: भविष्य कळलं म्हणून ते बदलता येतंच असं नाही. जर्मनीतल्या पेटल या चाचणीत तीव्र प्रकारच्या लिम्फोमाच्या रुग्णांचा दोन चक्रांनंतर स्कॅन केला. ज्यांची गाठ उजळत राहिली त्यांचा आजार पुढे खरोखरच अवघड गेला, अंदाज बरोबर ठरला. पण त्यांच्यापैकी काहींना जास्त जहाल औषधांवर नेऊन पाहिलं तेव्हा फायदा झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. याचा अर्थ स्कॅन खोटा असा नाही. त्या आजारात त्या वेळी हातात दुसरं चांगलं औषध नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. उलट उदाहरण अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरच्या कर्करोगाचं. म्युनिकच्या म्युनिकॉन अभ्यासात केमो सुरू करून दोनच आठवड्यांनी स्कॅन केला, आणि साखरेचा वापर 35 टक्क्यांनी उतरला नाही त्यांची केमो थांबवून त्यांना थेट शस्त्रक्रियेला नेलं. लागू न पडणाऱ्या औषधाचे दोन-अडीच महिने वाचले आणि नुकसान झालं नाही. म्हणून डॉक्टरांसमोर ठेवायचा प्रश्न अगदी साध्या शब्दांत असावा: ‘साहेब, स्कॅन चांगला आला तर काय कराल, आणि वाईट आला तर काय कराल?’ दोन्ही उत्तरं सारखीच आली, तर तो स्कॅन काही आठवडे पुढे ढकलता येईल का, हेही तिथेच विचारून घ्यावं. असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाने बरंच वाटतं.

दुसरा गैरसमज रुग्णांच्या बाजूचा: स्कॅन स्वच्छ आला म्हणजे कर्करोग संपला, आता उरलेल्या केमो कशाला? हा समज जिवावर बेतू शकतो. यंत्राला साधारण आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान पुंजके नीट दिसत नाहीत. फरगेन या चाचणीत हर-2 प्रकारच्या स्तनकर्करोगाच्या 285 स्त्रियांना केमोशिवाय फक्त कर्कपेशींवर नेमका मारा करणारी औषधं देऊन दोन चक्रांनंतर पेट केला. 227 जणींचा प्रतिसाद स्कॅनवर चांगला होता. पण औषधांची सगळी चक्रं पूर्ण करून शस्त्रक्रिया झाल्यावर गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा त्यांच्यापैकी 86 जणींमध्येच एकही कर्कपेशी उरलेली नव्हती. म्हणजे जवळपास 38 टक्के. स्कॅनमधला उतार औषध लागू पडत असल्याचं सांगतो, काम पूर्ण झाल्याचं सांगत नाही. ठरलेला उपचार डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही कमी करू नये.

आपल्या भागात जे कर्करोग जास्त दिसतात त्यांच्याबाबत हे तत्त्व कसं लागू होतं ते पाहू. खर्रा आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग इथे मोठा आहे. त्यात बहुतेक वेळा आधी शस्त्रक्रिया आणि नंतर गरजेप्रमाणे रेडिएशन असतं; मधल्या काळातल्या पेटची भूमिका मर्यादित राहते, आणि तोंडातल्या जखमा, सडके दात, सूज यांमुळे चित्रही गढूळ होतं. घशाच्या कर्करोगात केमो-रेडिएशन दिल्यानंतरची गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये मानेत मोठ्या गाठी पसरलेल्या 564 रुग्णांवर, मुख्यतः घशाच्या कर्करोगाच्या, एक चाचणी झाली. निम्म्यांच्या मानेची शस्त्रक्रिया ठरवून केली, उरलेल्यांचा उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी पेट-सीटी केला आणि त्यात शंका असेल त्यांचीच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सारखंच राहिलं, पण पहिल्या गटात 221 शस्त्रक्रिया झाल्या तर स्कॅनच्या गटात फक्त 54. मानेवरची एवढी मोठी शस्त्रक्रिया टळणं म्हणजे खांदा उचलता येणं, शेतात पुन्हा उभं राहता येणं. त्या एका प्रवासाची किंमत इथे सहज वसूल होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशन संपल्यावर सुमारे तीन महिन्यांनी केलेला पेट पुढचा अंदाज स्पष्ट देतो: अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या 92 स्त्रियांच्या अभ्यासात, स्कॅन पूर्ण स्वच्छ झालेल्यांपैकी 78 टक्के तीन वर्षांनी आजार न वाढता होत्या, थोडा उजेड उरलेल्यांपैकी 33 टक्के, आणि नव्या जागा उजळलेल्यांपैकी एकही नाही. उजेड उरला असेल तर वेळीच तुकडा तपासून शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, म्हणून हाही स्कॅन अर्थपूर्ण आहे. प्रोस्टेटच्या बहुतेक गाठी, संथ वाढणाऱ्या काही न्यूरोएंडोक्राइन गाठी, यकृतात सुरू झालेले काही कर्करोग मात्र ही साखर फारशी ओढतच नाहीत. तिथे वेगळी औषधं वापरून वेगळ्या प्रकारचा पेट करावा लागतो. ‘पेट’ एवढाच शब्द वाचून स्कॅनची तारीख घेऊ नये, चिठ्ठीवर कुठला पेट लिहिला आहे ते पाहावं.

एका बाबतीत मात्र परदेशी अभ्यास आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. साखर फक्त कर्कपेशी खात नाहीत. जिथे सूज आहे, जिथे शरीर जंतूंशी झुंजतंय, तिथल्या पेशीही खातात. क्षयरोगाच्या गाठी पेट स्कॅनमध्ये कर्करोगाइतक्याच झळाळतात. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेली असताना जुना, दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो, आणि मग छातीत नवी उजळलेली ग्रंथी पाहून ‘आजार पसरला’ असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या आपल्या देशात म्हणून एक नियम कुटुंबाने धरून ठेवावा: फक्त पेटच्या चित्रावरून उपचार पूर्ण बदलायचं ठरत असेल, तर शक्य तिथे त्या जागेचा तुकडा किंवा सुईने घेतलेला नमुना तपासून मगच पुढे जावं, अशी विनंती करावी. घरात कुणाला क्षय झाला होता का, रुग्णाने पूर्वी त्याची औषधं घेतली होती का, हे स्कॅनच्या ठिकाणी फॉर्ममध्ये न विसरता लिहावं. इम्युनोथेरपी चालू असेल तर तेही लिहावं, कारण त्या औषधांनी गाठीत सूज येऊन ती काही काळ उलट जास्त उजळलेली दिसू शकते.

वेळ चुकली तर चांगला स्कॅनही दिशाभूल करतो. केमो दिल्यावर निदान दहा दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि शक्यतो पुढच्या चक्राच्या अगदी आधी स्कॅन घ्यावा. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं घेतली असतील तर हाडांमधला मगज सगळाच उजळतो, त्यासाठी सुमारे दोन आठवडे थांबतात. रेडिएशननंतर भाजलेल्या जागेची सूज ओसरायला तीन महिने लागतात. लवकर केलेल्या स्कॅनमध्ये ती सूज कर्करोगासारखी दिसते आणि घरात विनाकारण रडारड होते. ‘एवढं थांबवलं तर आजार वाढेल’ ही भीती समजण्यासारखी आहे, पण त्या काळात डॉक्टर हाताने, डोळ्यांनी, साध्या तपासण्यांनी लक्ष ठेवूनच असतात. आणि दुसरा स्कॅन शक्यतो पहिल्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावा. यंत्र बदललं, इंजेक्शन आणि चित्र यांतलं अंतर बदललं, की एसयूव्ही बदलतो; शंभर-दोनशे रुपये वाचवायला दुसरीकडे गेलात तर तुलनाच बिघडते.

प्रत्यक्ष स्कॅनच्या दिवशीची काळजी आपल्याकडच्या सवयींच्या संदर्भात सांगायला हवी, कारण चुका तिथेच होतात. आदल्या दिवशी फवारणी, डवरणी, ओझं उचलणं असं जड काम करू नये; दमलेले स्नायू साखर ओढतात आणि चित्रात उजळतात. निदान सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी मात्र भरपूर प्यायचं. पहाटे तीनला अकोटहून निघालेली गाडी तळेगावला चहाला थांबते आणि रुग्णही ‘अर्धा कप’ घेतो, तिथे स्कॅन वाया जातो: त्या साखरेने इन्सुलिन वाढतं आणि इंजेक्शनमधली साखर गाठीऐवजी स्नायूंत शिरते. खर्रा, सुपारी, च्युइंगगम काहीही चघळायचं नाही, कारण चघळण्याने जबड्याचे स्नायू चमकतात, आणि तोंडाच्या कर्करोगात नेमकी तीच जागा पाहायची असते. मधुमेह असेल तर केंद्राला आधीच फोन करावा. साखर साधारण 200च्या वर असेल तर बहुतेक केंद्रं तारीख बदलतात. इन्सुलिन कधी घ्यायचं, मेटफॉर्मिन थांबवायचं का, हे स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही. इंजेक्शननंतर सुमारे तासभर एका शांत, उबदार खोलीत पडून राहावं लागतं. बोलायचं नाही, मोबाइल पाहायचा नाही, थंडी वाजली तर पांघरूण मागून घ्यायचं, कारण थंडीत मानेजवळची चरबीही उजळते. मग लघवी करून यंत्रावर, तिथे वीस-तीस मिनिटं. हे औषध जास्त वेळ टिकत नाही. दर 110 मिनिटांनी त्याची ताकद निम्मी होते. म्हणूनच ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात रोज ताजं बनवावं लागतं, आणि कधी ते वेळेवर पोचलं नाही तर त्या दिवशीचे स्कॅन पुढे जातात. निघण्याआधी आदल्या संध्याकाळी केंद्राला फोन करून खात्री करणं अडीचशे किलोमीटरच्या माणसाला परवडणारी सवय आहे.

किरणांची भीती बऱ्याच घरांत असते. पेट-सीटीत किरणांचा डोस साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कर्करोगाचा उपचार ठरवायचा असेल तर तो धोका घेण्याजोगा आहे, आणि ‘सहज एकदा बघू’ म्हणून दर चक्रानंतर स्कॅन करण्याजोगा नाही. रुग्ण स्त्री गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर आधी सांगायलाच हवं. परतीच्या प्रवासात आणि त्या रात्री लहान मुलं, गरोदर बाई यांच्यापासून थोडं अंतर ठेवलं, पाणी पीत राहिलं, की दुसऱ्या दिवशी काळजीचं कारण उरत नाही: अकरा तासांत त्या औषधाचा चौसष्टावा भागही जेमतेम राहतो.

पैशांचा आक्षेप मात्र केवळ समजुतीने सुटणारा नाही. 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं पेट यंत्र सुरू झालं, 2004 साली टाटा मेमोरियलमध्ये पहिलं पेट-सीटी. आज नागपुरात हा स्कॅन होतो, हा मोठा पल्ला आहे. तरीही वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो महागच पडतो. म्हणून स्कॅनची चिठ्ठी हातात पडल्यावर, पैसे उसने घेण्याआधी, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचाराच्या पॅकेजमध्ये काय बसतं ते विचारावं. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवावं. उपचारासाठीच्या प्रवासात कर्करुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्यासाठीचं प्रमाणपत्र रुग्णालयातूनच भरून घ्यावं लागतं. स्कॅन झाल्यावर फक्त कागदी अहवाल घेऊन परतू नका, चित्रांची सीडी मागून घ्या आणि तीवर तारीख लिहा. पुढच्या वेळी तुलना त्या चित्रांशी होणार असते. अहवालात कितीही आकडे असले तरी अकोल्याच्या किंवा नागपूरच्या आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: आधीच्या स्कॅनपेक्षा उजेड किती उतरला, नवी जागा उजळली आहे का, आणि उजळलेली जागा क्षय किंवा सुजेची असू शकते का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘असू शकते’ असं आलं, तर पुढची तारीख केमोची घेण्याआधी तुकडा तपासणीची मिळते का ते त्याच वेळी विचारून घ्या.